एकाचें पथ्य कीं सर्वांचें?

मधुमेह आणि रक्तदाब या विकारांनीं आज सुशिक्षित घरांतहि ठाण मांडिलें आहे. त्यांचीं कारणें कोणास ठाऊक नाहींत असें नाहीं. प्रमेहाविषयीं लिहितांना सुश्रुतानें दिवसाची झोंप, व्यायामाचा अभाव, आळस आणि गोड व स्निग्ध आहार यांजकडे बोट दाखविलें आहे. निर्धन रोग्यास तर त्यानें शंभर योजनें पायीं चालावयास सांगितलें! तेव्हां उणीव ज्ञानाची नसून आचरणाची आहे. आणि आमच्या मतें तें आचरण एकट्या रोग्याकडून होणारें नव्हे. फिनलंड देशांतील एका प्रांताचा अनुभव या बाबतींत पाहण्यासारखा आहे.

त्या देशाच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया या अरण्यमय प्रांतांत १९७० च्या सुमारास पुरुष ऐन कर्त्या वयांत हृदयविकारानें मरत. लांकूडतोडे आणि शेतकरी ते. अंगमेहनतींत उणे नव्हते. परंतु लोणी, चरबी, मीठ आणि तंबाखू यांचा अतिरेक होता. १९७१ त तेथील लोकप्रतिनिधींनींच सरकारकडे साहाय्य मागितलें, व १९७२ त डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या नेतृत्वाखालीं कार्य सुरू झालें.

नुसतीं व्याख्यानें देऊन ही मंडळी थांबलीं नाहींत. त्यांनीं मार्था नांवाच्या गृहिणींच्या संस्थेस हाताशीं धरिलें. या बायकांनीं गांवोगांव मेळावे भरवून नेहमींचेच पदार्थ कमी मीठ, कमी चरबी आणि अधिक भाजी घालून रांधले व शेजाऱ्यांस खाऊं घातले. परिचारिका रक्तदाब मोजून नोंद ठेवीत. एका कारखान्यानें मांसाच्या पदार्थांत चरबीच्या जागीं अळंबीहि घातली. (सामिष उल्लेखाबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.) लोण्यावर पोट असणाऱ्या गवळ्यांचा अर्थातच विरोध झाला; तेव्हां त्यांस बेरीफळांच्या लागवडीकडे वळविण्याची खटपट करण्यांत आली. हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें. सुमारें चाळीस वर्षांत ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतील त्या विकाराचे मृत्यू शेकडा ८० हून अधिक घटले. नव्या औषधांचा यांत वाटा आहेच. पण बदललेल्या आहाराचा व सोडलेल्या तंबाखूचाहि मोठा आहे.

आतां आपलें घर पाहावें. वडीलधाऱ्यास डॉक्टर मीठ कमी करावयास सांगतात. मग त्यांच्यासाठीं अळणी आमटीची निराळी वाटी निघते, आणि त्याच पंक्तींत लोणचें, पापड, सांडगे फिरत राहतात. आठ दिवसांत ते गुपचूप लोणचें घेतात, व दोष त्यांच्या जिभेस लागतो! जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाला ५ ग्रॅमहून, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून, कमी मीठ सांगते. लोणच्या-पापडांतलेंहि त्यांतच आलें. ही मर्यादा सर्वांसच आहे. पण मिठाची बरणी जिच्या हातीं, त्या सुनेस हें सांगतो कोण? आणि सासूबाईंनीं स्वतः म्हटल्यावांचून ती आमटींतलें मीठ कमी करील तरी कशी? चव बिघडल्याचा बोल तिलाच लागणार.

म्हणून डॉक्टरांकडे जातांना वडिलांबरोबर स्वयंपाक पाहणाऱ्या बाईनेंहि जावें; कर्त्या पुरुषांनीं त्या दिवशीं चूल सांभाळली तरी हरकत नाहीं. पुढें सर्वांस एकच आमटी शिजावी, ती कमी मिठाची. चहाच्या साखरेसहि हाच न्याय लावावा. ज्यास अधिक मीठ लागेल त्यानें तें मागून घ्यावें. पानांत कोपऱ्यास मीठ वाढण्याची रीत आपल्याकडे आहेच.