कापसाच्या खोलीत हीटर कोणता घ्यावा?

मागच्या डिसेंबरची गोष्ट. आमच्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी रोज पहिल्या तासाला डोकं धरून बसायची. मराठीचा तास असो की उर्दूचा, तिचं पुस्तक उघडं आणि डोळे मिटलेले. मधल्या सुट्टीपर्यंत मात्र ती ताजीतवानी व्हायची, मैत्रिणींसोबत खेळायची. आम्हाला वाटलं, हिला चष्मा लागला असेल. घरच्यांनी डोळे तपासून घेतले, नजर ठीक निघाली. मग वाटलं, रात्री मोबाइल बघत असेल. आम्ही तिला दोनदा रागावलोही. आज त्याचं वाईट वाटतं.

शिक्षक-खोलीत हा विषय निघाला तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी एकच प्रश्न विचारला, "घरात सगळ्यांचंच डोकं दुखतं का?"

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "हो सर. अम्मीचं दुखतं, दादीचं तर जास्तच. अब्बा म्हणतात थंडीमुळे होतं."

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. कुंडलिका नदीच्या अलीकडे, जुन्या जालन्यातल्या एका अरुंद गल्लीत दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. वडिलांचा धंदा रजया भरण्याचा. त्यांचे आजोबा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, आता कापूस यंत्रावर पिंजून आणतात आणि भरणं, टाके घालणं घरात चालतं. पुढच्या खोलीत कापसाचे ढीग, खोळी, शिवणयंत्र. आणि रात्री तिथेच सगळ्यांची अंथरुणं. कोपऱ्यात लोखंडी घमेल्यात कोळशाचे निखारे. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, दाराखाली पोतं.

"भाईजान, हे घमेलं रात्रभर असतं?"

"काय करणार सर? हंगाम तीन महिन्यांचा. पहाटे पाचला सुई धरतो तर बोटं वळत नाहीत. आणि अम्मीचे गुडघे."

आपल्याकडे पारा डिसेंबर-जानेवारीत 10 अंशांच्या आसपास उतरतो. शेजारच्या परभणीत तर तो 5 अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. पत्र्याखाली ही थंडी जास्तच बोचते. ज्याचं पोट बोटांवर चालतं त्याला ऊब ही चैन नाही. म्हणून "शेगडी बंद करा" एवढं सांगून आम्हाला परतता येईना. तिच्या जागी काय आणायचं, हेही सांगायला हवं होतं. पुढचे दोन आठवडे आम्ही, विज्ञानाच्या बाई आणि ओळखीचा एक वायरमन यांनी मिळून जे शिकलो ते इथे देत आहोत. शिलाई, रजई, जरीकाम, बांगड्यांचं काम, पुस्तकबांधणी असे छोटे कारखाने आपल्या अनेक घरांत चालतात, त्या सर्वांना याचा उपयोग व्हावा.

निखाऱ्यांचा न दिसणारा वायू

बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण राख धरलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघत असतो. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त फिरतं, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अंगातलं त्राण जातं. झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

ओळखण्याची खूण त्या मुलीच्याच बाबतीत होती. घरातल्या सगळ्यांना एकदम त्रास होतो आणि घराबाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर तो कमी होतो. असं दिसलं तर दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखाना गाठा. कोणी ग्लानीत असेल तर 108 वर फोन करा. "जरा पडून राहा, बरं वाटेल" असं म्हणू नका.

गॅसवर चालणाऱ्या हीटरचंही हेच आहे. जानेवारी 2020 मध्ये केरळहून नेपाळमधल्या दमण इथे फिरायला गेलेले आठ जण एका खोलीत गॅसचा हीटर लावून, दारं-खिडक्या बंद करून झोपले. त्यात दोन जोडपी आणि चार मुलं होती. सकाळी ते बेशुद्ध सापडले आणि आठही जण दगावले. म्हणून झोपण्याच्या खोलीत कोळसा, लाकूड, रॉकेल किंवा गॅस जाळून ऊब घ्यायची नाही, हा पहिला नियम.

कापूस आणि लाल तार

मग विजेचा हीटर. तो काही जाळत नाही, त्यामुळे हा वायूही निघत नाही. "हीटर खोलीतला प्राणवायू खातो" असं लोक म्हणतात, ते विजेच्या हीटरबाबत खरं नाही. पण कापसाच्या खोलीत त्याचा वेगळा धोका आहे.

कापूस साधारण 400 अंशांना पेट घेतो. हीटरची लालभडक तार त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते. रजई भरताना हवेत तंतू उडतात. एखादा पेटता तंतू ढिगात पडला की ज्वाळा लगेच दिसेलच असं नाही. कापूस आतल्या आत तासन्‌तास धुमसतो. आपल्या जिल्ह्यात जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. वरून विझलेली गाठ आतून जळत असते हे तो सांगेल. घरात हेच घडलं तर आग दिसेपर्यंत मध्यरात्र झालेली असते. हल्ली रजईत जे फायबर भरतात ते तर वितळून अंगाला चिकटतं.

बाजारात मिळणारे प्रकार आम्ही असे तपासले :

कॉइल किंवा रॉडचा हीटर. हजार-दीड हजारात मिळतो, समोर बसणाऱ्याला लगेच ऊब देतो. पण तापलेला भाग उघडा, पुढे नुसती जाळी. कापूस, कापड, कागद यांच्या खोलीत हा नकोच.

हॅलोजन किंवा क्वार्ट्‌झ नळीचा हीटर. तार काचेच्या नळीत असते, तरी नळी प्रचंड तापते आणि तंतू थेट तिच्यावर बसतात. याला पण नकार.

ब्लोअर. पंख्याने हवा ओढून गरम करून फेकतो. हवेसोबत तंतूही आत ओढतो, ते तापलेल्या भागावर साचतात आणि करपतात. शिवाय खाली साचलेली धूळ उडवतो. बांगड्यांच्या किंवा घड्याळदुरुस्तीच्या कामाला चालेल, कापसाच्या खोलीत नाही.

तेलाचा हीटर. दुकानदार याला ऑइल हीटर किंवा ओएफआर म्हणतात. लोखंडी पात्यांच्या आत तेल बंद असतं. ते जळत नाही, संपत नाही, पुन्हा भरावं लागत नाही. तापलेली तार तेलात असल्याने बाहेर लाल काहीच नसतं, पंखाही नसतो. खोली गरम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, वजन जास्त, किंमतही काही हजारांत. पण कापसाच्या खोलीसाठी या चारांत हाच बरा.

घेताना चार गोष्टी पाहा. आयएसआय चिन्ह. खोली ठरावीक गरम झाली की आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट. जास्त तापला तर बंद होण्याची सोय. आणि कलंडला तर बंद होण्याची सोय. शेवटची दुकानातच तपासून घ्या. आम्ही दुकानदाराला हीटर लावून तिरका करायला सांगितलं. त्याने थोडं तोंड वाकडं केलं, पण करून दाखवलं.

भिंतीतली वायर आधी पाहा

हीटर ठरला, पण वायरमन म्हणाला, "सर, आधी घराचं बोर्ड बघू द्या." बरं झालं.

2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो. मोबाइल, पंखा, टीव्हीसाठी असलेलं लहान सॉकेट 6 अँपिअरचं असतं. हीटरचा जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही म्हणून लोक कन्व्हर्टर लावतात किंवा एक्स्टेंशन बोर्ड जोडतात. मग सॉकेट तापतं, वायर वितळते आणि आग हीटरपासून न लागता भिंतीपासून लागते. त्या घरात एकाच बोर्डावर शिवणयंत्र, इस्त्री आणि फ्रिज होतं, आणि अर्थिंग नव्हतंच.

म्हणून आधी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर टाकून 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं, त्याला वेगळा एमसीबी दिला, अर्थिंग करून घेतलं आणि वीज अंगात उतरू लागताच पुरवठा तोडणारं 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावलं. हा खर्च हीटरच्या किमतीत धरूनच बजेट करावं. तेवढे पैसे नसतील तर यंदा वायर करा, हीटर पुढच्या वर्षी घ्या. उलटं करू नका.

बिलाचा हिशेब

दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 120 चौरस फूट. साधारण ठोकताळा असा की एका चौरस फुटाला 10 वॅट, म्हणजे 1200 वॅट. तेलाच्या हीटरला बहुधा तीन पायऱ्या असतात; मधली पायरी या खोलीला पुरते.

1200 वॅट तीन तास म्हणजे 3.6 युनिट, महिन्याला 108 युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली 100 युनिटं सर्वांत स्वस्त, त्यापुढे 300 पर्यंत दर चढा. घराचा वापर आधीच 90 युनिट असेल तर हीटरची जवळपास सगळी वीज चढ्या दराने पडते. म्हणून पहाटे दोन तास आणि रात्री एक तास एवढाच वापर ठरवला. थर्मोस्टॅटमुळे प्रत्यक्षात वीज याहून कमी लागते.

बाकी ऊब बिनपैशांची शोधली. कामाची जागा थंड फरशीवरून लाकडी फळीवर आणली, अर्ध्या बोटांचे हातमोजे शिवले, टाके घालण्याचं काम दहानंतर अंगणातल्या उन्हात हलवलं. दादींच्या गुडघ्यांना गरम पाण्याची रबरी पिशवी दिली.

दादींची हरकत

खरी अडचण दादींची होती. "चाळीस वर्षं निखाऱ्यांवर काढली बेटा, काही झालं नाही. ह्या लोखंडाला काय कळतं?"

आम्ही वाद घातला नाही. विचारलं, "दादी, झोपताना दिवा का विझवता?"

त्या लगेच म्हणाल्या, "सुन्नत आहे."

मग आम्ही त्यांना सहीह बुखारीतल्या हदीसची आठवण दिली. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळालं. प्रेषित मुहम्मद (स.) यांना ते कळलं तेव्हा त्यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, अशी ताकीद दिली. दादी थोडा वेळ घमेल्याकडे बघत राहिल्या. "आम्ही दिवाच विझवत राहिलो," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री घमेलं अंगणात गेलं आणि खिडकीतल्या चिंध्या निघाल्या.

घेतल्यानंतरचे नियम

त्या घरात भिंतीवर कागद चिकटवून हे लिहिलं आहे, तुम्हीही लिहा. हीटरच्या चारही बाजूंना तीन फूट जागा मोकळी, तिथे कापूस, खोळ, पडदा नाही. हीटरवर ओले कपडे वाळवायचे नाहीत. पत्र्याखाली थर्माकोल किंवा प्लास्टिक ताणलं असेल तर त्याखाली हीटर ठेवायचा नाही. भरणीचं काम चालू असताना हीटर बंद. खोली झाडून, तंतू गोळा करून मगच चालू. आठवड्यातून एकदा थंड असताना पात्यांमधली धूळ पुसायची. लहान मूल एकटं असताना चालू ठेवायचा नाही. झोपण्याआधी बटण बंद आणि प्लग बाहेर.

आणि अल्लाह न करो, पेट घेतलाच तर आधी मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी टाकू नका. माणसं बाहेर काढा, 101 किंवा 112 वर फोन करा. विझलेली रजई घरात ठेवू नका; ती अंगणात नेऊन पाण्यात पूर्ण भिजवा, कारण ती आतून धुमसत असते.

त्या मुलीचं डोकं निखारे बाहेर गेल्यापासून तीन-चार दिवसांतच दुखायचं थांबलं, अल्हमदुलिल्लाह. आम्ही तिची वर्गासमोर माफी मागितली. यंदा ती नववीत आहे. परवा सांगत होती, "सर, इशाची नमाज झाली की दादी रोज ओरडतात, प्लग काढला का? आणि स्वतः उठून हात लावून बघतात."

आज रात्री आपल्याही घरात एकदा असंच उठून बघा.