नांगराला तोफगोळा लागला तर

साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबाचा वेढा होता तेव्हा, एप्रिल १७०० मध्ये, मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. एका सुरुंगाने तट बाहेरच ढासळला आणि खालचे मोगल सैनिकच गाडले गेले. वासोट्यावर एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरने शेजारच्या जुन्या वासोट्यावरून गोळे टाकले. तेव्हा अशा एखाद्या गडाच्या पायथ्याला रान नांगरताना किंवा विहिरीचा गाळ उपसताना गंजका गोळा वर आला, तर नवल करू नये.

आपण प्रथम ट्रॅक्टर जागेवर बंद करावा. फाळ उचलून बघायचा नाही, मागेही घ्यायचा नाही. उतरून, आलो त्याच चाकोरीने परत बांधावर यावे.

आता लांबूनच, हात न लावता बघावे. जुने गोळे दोन जातींचे. एक भरीव, म्हणजे नुसते ओतीव लोखंड किंवा घडीव दगड. तो फुटत नाही. दुसरा पोकळ, आत दारू भरलेला. गरनाळेतून (आखूड नळीच्या, गोळा उंच फेकणाऱ्या तोफेतून) तो टाकत. त्याला एका बाजूला भोक असते आणि त्यात पेटती वात बसवलेले लाकडी बूच. दोनशे वर्षांत ते लाकूड कुजते, भोकात माती बसते, वर गंजाचे पापुद्रे चढतात. मग भरीव कोणता आणि पोकळ कोणता, हे जाणकारालाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. आपण तर तो प्रयत्नच करू नये.

खरा घोळ इथेच होतो. ‘एवढा जुना, आता काय उडतोय!’ असे कुणीतरी म्हणतेच. पण तोफेची दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळशाची पूड. ती धान्यासारखी किडत नाही. भिजली तर निपचित पडते, वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २००८ साली यादवी युद्धातला, सुमारे १४० वर्षांपूर्वीचा गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक दगावला. गोळा इतकी वर्षे पडून होता तेव्हा काही झाले नाही. घात केला तो साफसफाईने.

म्हणून तारेच्या ब्रशने घासणे, ग्राइंडर लावणे, रॉकेलमध्ये बुडवणे, उन्हात वाळत घालणे, रंग देऊन देवळापुढे मांडणे, यातले काहीही नको. भंगारवाला तर नकोच. नगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या आसपास पितळ-लोखंडाच्या चार पैशांसाठी गोळे फोडताना माणसे गेली आहेत. लांबट, टोकदार, मागे पंख असलेली वस्तू दिसली तर ती किल्ल्याच्या काळातली नाही, आधुनिक आहे असे समजून आणखी लांब राहावे.

बेल्जियममध्ये ईप्रच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले गोळे आजही निघतात आणि तिथले लष्कर ते नियमाने गोळा करते. तिकडचा शेतकरी कधी गोळा उचलून बांधाला ठेवतो. आपल्याकडे तशी रोजची वसुली नाही, म्हणून ती नक्कल करू नये.

मग ११२ वर फोन करावा आणि पोलीस पाटलांनाही सांगावे. काय दिसले, साधारण केवढे, कोणत्या गटात, गाडी कुठवर येते, एवढे पुरे. फोटो लांबूनच काढावा. गावच्या ग्रुपवर मात्र टाकू नये, नाहीतर पोलिसांआधी पोरे पोचतात. दगड रचून किंवा फांदी रोवून लांबूनच खूण करावी. जनावरे सोडून दुसरीकडे बांधावीत.

पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे, आणि वस्तू लष्करी असेल तर लष्कराच्या तज्ज्ञांचे. ते वस्तू हलवायची की जागीच निकामी करायची ते ठरवतात. पंचनामा होतो, त्यावर सही करण्यापूर्वी गट नंबर नीट वाचून घ्यावा.

गोळा निर्धोक ठरला तरी तो आपला होत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. एक गोळा निघाला तिथे आणखीही असू शकतात. पथक जाण्याआधी आजूबाजूच्या सऱ्याही धातुशोधकाने तपासून देण्याची विनंती करावी आणि त्यांनी मोकळे म्हटल्यावरच पुढचे तास धरावे.