कूलरच्या घरघरीत खंजिरी ऐकताना

अमरावती जिल्ह्यातल्या वरूडात मार्च सरता सरता कूलर खिडकीत चढतो आणि पाऊस लागेपर्यंत खाली उतरत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि परीक्षा संपलेली पोरं नेमकी तेव्हाच घरच्या घरी भजनं रेकॉर्ड करायला बसतात. एक माइक, एक लॅपटॉप, खंजिरी, पेटी. कूलर बंद ठेवला तर गाणारा दोन कडव्यांत घामाने भिजतो आणि चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये शिरते. मग कूलर पलीकडच्या खोलीत जातो, मधलं दार लोटलं जातं आणि गाणाऱ्याच्या कानावर चढतो क्लोज्ड-बॅक हेडफोन, म्हणजे ज्याची वाटी मागून पूर्ण बंद आहे तो.

या यंत्राबद्दल आपल्याकडे मराठीत फार कमी लिहिलं जातं. विकत घेताना कंपनीचं नाव पाहिलं जातं, किंमत पाहिली जाते, आणि खोक्यावर छापलेले आकडे वाचले जातात. माझं म्हणणं असं की बंद हेडफोनचा आवाज अर्धा कारखान्यात ठरतो आणि उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या डोक्यावर. त्याचे केस, चष्मा, कानाचा आकार आणि कुशन कानाभोवती किती घट्ट बसतं यावर तो अवलंबून असतो. हा दुसरा अर्धा भाग आपल्या हातात आहे, आणि तो सुधारायला फारसा खर्चही लागत नाही.

माइकसमोर उघड्या पाठीचा हेडफोन का चालत नाही, ते आधी पाहू. गाणाऱ्याच्या कानात पेटीचा सूर आणि तालाचा ठोका सोडलेला असतो. मागून उघड्या हेडफोनमधून तो बाहेर पाझरतो आणि गळ्यासमोरच्या माइकमध्ये जातो. नंतर आवाजाची एक ओळ पुन्हा गायची म्हटलं, तर जुन्या ठोक्याचा टिकटिकाट तिच्याखाली राहून जातो. बंद वाटी हा पाझर अडवते आणि बाहेरचा गोंगाटही कमी करते. मात्र सगळा गोंगाट ती सारखा कमी करत नाही. कूलरच्या पंख्याची सळसळ आणि पाण्याची टिपटिप, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज, ती चांगले अडवते. मोटरची खालची घूं मात्र बऱ्यापैकी आत येते, कारण लांब लहरींना पातळ प्लास्टिक आणि फोम थोपवू शकत नाहीत. म्हणून बंद हेडफोन घेतला तरी कूलर पलीकडच्या खोलीत न्यावाच लागतो.

कानावर चढवायचं हे यंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेतल्या युटाचे नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरी बनवलेले हेडफोन १९१० च्या सुमारास तिथल्या नौदलाने घेतले. बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ काढला. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी एसपी/३ हा हेडफोन आणला आणि तारयंत्र्यांच्या कानावरची वस्तू संगीतप्रेमींच्या घरात आली. आपल्याकडे २३ जुलै १९२७ ला रेडिओचं मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हाच्या क्रिस्टल सेटवर आवाज इतका क्षीण असे की तो कानाला हेडफोन लावूनच ऐकावा लागे. वऱ्हाडाला जवळचं नागपूर केंद्र १९४८ चं. तोवर घरात स्पीकरवाले रेडिओ आले होते आणि ऐकणं ही चारचौघांत बसून करायची गोष्ट झाली होती. हेडफोनने ती पुन्हा एकेकट्याची केली.

आता आतली रचना. वाटीत एक ड्रायव्हर असतो: चुंबक, त्याच्या फटीत बारीक तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. पडदा पुढे ढकलतो तेवढीच हवा मागेही ढकलतो. मागची लहर बंद वाटीच्या भिंतीवर आपटून परत येते आणि पडद्यातून पुढच्या आवाजात मिसळते. वाटी पोकळ आणि कडक असली की काही सूर विनाकारण फुगतात. बायकांचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे. पुढच्या बाजूला, पडदा आणि कान यांच्यामध्ये हवेचा एक छोटा कप्पा असतो. तो सगळीकडून बंद असेल तरच खालचे सूर टिकतात. चष्म्याच्या काडीने कुशन जरा उचललं गेलं, की त्या फटीतून दाब निसटतो आणि बेस गळून पडतो. एकाच हेडफोनबद्दल एक जण "बेस दणदणीत आहे" म्हणतो आणि दुसरा "बेसच नाही" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा दोघेही खरं बोलत असतात. दुसऱ्याला चष्मा असतो.

घरगुती रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या बोलण्यात तीन नावं हटकून येतात. पहिला सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासून जवळपास तसाच बनत आलेला. ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर, विद्युतरोध ६३ ओहम, वजन साधारण २३० ग्रॅम. दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, २०१४ चा. ४५ मिलिमीटर, ३८ ओहम, २८५ ग्रॅम, केबल काढून बदलता येते. तिसरा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ज्याचा वंश १९८५ पासून चालत आला आहे. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो, आणि त्यातल्या काहींची करडी मखमली कुशनं लांबूनही ओळखू येतात.

हे तिन्ही जोखायला मला खंजिरीसारखं दुसरं वाद्य सापडलं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे अमरावती जिल्ह्यात खंजिरी गावोगाव रुजली, आणि हेडफोनची परीक्षा घ्यायला लागतं ते सगळं त्या एका वाद्यात आहे. कातड्यावर पडणारी थाप खालची, तिच्या मागोमाग झांजांची किणकिण अगदी वरची, आणि दोन्हींच्या मधून भजन म्हणणाऱ्याचा गळा. ७५०६ वर झांजा काचेसारख्या स्वच्छ येतात, पण 'स' आणि 'श' टोचतात. गाणाऱ्याच्या उच्चारातला दोष पकडायला हे उत्तम, तासभर नुसतं ऐकायला थकवणारं. एम५०एक्स वर थाप भरदार येते. त्यामुळे खंजिरी आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि मिक्स करणारा तिचा आवाज नकळत कमी करून बसतो. डीटी ७७० वर खालचा घुमारा आणि वरची धार दोन्ही जास्त, मधला गळा जरा मागे. बसायला मात्र तिघांत सगळ्यात सुखाचा हाच. गाणाऱ्याच्या कानावर मी डीटी ७७० देईन आणि दोष शोधायला बसेन तेव्हा स्वतः ७५०६ घेईन.

ओहमचा आकडा पाहूनच घ्यावा. ३२ ते ८० ओहमपर्यंतचे हेडफोन लॅपटॉपवर किंवा साध्या ऑडिओ इंटरफेसवर नीट वाजतात. २५० ओहमचा प्रकार फोनवर लावला तर आवाज दबका येतो आणि माल खराब निघाला असं वाटतं. त्याला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी असायला हवी. दोहोंत जरासा मोठा वाजणारा कानाला नेहमी चांगला वाटतो, मग तो कुठलाही असो. त्यामुळे आधी सलग खरखर, म्हणजे पिंक नॉइज, लावून दोघांची पातळी कानाने जुळवावी. मग ओळखीचं एकच भजन, तोच तुकडा, पुन्हा पुन्हा ऐकावा. नवीन गाणं घेऊ नये, कारण त्यात काय असायला हवं हेच आपल्याला ठाऊक नसतं.

विकत घेतलेल्या हेडफोनमध्ये काही सुधारायचं असेल तर फेरफार कुशनपासून सुरू करावा. तिथेच सगळ्यात मोठा फरक पडतो, आणि तिथेच चूक झाली तर मागे फिरता येतं. वरूडात कुशनचा प्रश्न आवाजाआधी उकाड्याचा आहे. एका भजनी मंडळातला मुलगा पहिल्यांदा हेडफोन काढून म्हणाला, "भाऊ, कानाले भट्टी लागल्यावानी होते." रेक्झिनचं कुशन हवा अडवतं म्हणून बेस राखतं, आणि त्याच कारणाने घामही अडवतं. वर आपला कूलर खोलीत ओल सोडतो. रेक्झिनवरचा पॉलियुरेथेनचा थर उष्णता आणि ओल एकत्र आली की आतून विघटित होत जातो, आणि मग काळे पापुद्रे कानामागे, मानेवर, उशीवर दिसू लागतात. ७५०६ च्या मूळ कुशनची ही तक्रार जगभर आहे. वऱ्हाडात ती लवकर सुरू होते इतकंच.

यावर जुना आणि पारखलेला उपाय म्हणजे बायरडायनॅमिकची ईडीटी २५० ही मखमली कुशनं, जी सोनीच्या वाटीवर बसतात. बदलताना काही उघडावं लागत नाही. जुन्या कुशनची कड वाटीभोवतीच्या खाचेत अडकवलेली असते. ती एका जागी नखाने उचलून गोल फिरत सोडवायची. नवं बसवताना खालची कड आधी खाचेत घालायची, अंगठ्याने दाबून धरायची आणि जुन्या रिचार्ज कार्डाच्या कोपऱ्याने उरलेली कड थोडी थोडी आत सारत जायची. शेवटची दोन बोटं जागा हट्टी असते. तिथे ओढाताण केली तर शिवण उसवते, म्हणून कुशन किंचित गोल फिरवून ताण वाटून घ्यायचा. बसवल्यावर आतली पातळ जाळी कुठे दुमडली नाही ना ते बघायचं.

मखमलीने कान थंड राहतो, पण तिच्यातून हवा जाते, म्हणून बेस जरा उतरतो. आणि कुशन जाड असलं तर कान ड्रायव्हरपासून लांब जातो, वरच्या सुरांचा तोल बदलतो. एम५०एक्स ची मूळ कुशनं उथळ आहेत, मोठ्या कानाची पाळी आत टेकते आणि तासाभरात दुखू लागते. त्याला खोल कुशन लावलं की सुख मिळतं, मात्र आवाज तोच राहत नाही. काही जण मूळ कुशनवर तलम सुती कापडाची खोळ शिवतात. घरच्या शिलाई मशीनवर होणारं काम आहे, आठवड्याला धुता येतं, आणि उन्हाळ्यापुरता तो मला उत्तम मार्ग वाटतो. चष्मेवाल्यांनी पातळ काडीची फ्रेम आणि मऊ, मुरणाऱ्या फोमचं कुशन अशी जोडी करावी.

डोक्यावरची पट्टी फार आवळत असेल तर हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवावा. गठ्ठा डोक्यापेक्षा किंचितच रुंद असावा. बायरच्या पट्टीत धातू आहे, ती हाताने हळूहळू वाकवता येते. प्लास्टिकच्या पट्टीवर असा जोर करू नये. आणि पकड ढिली झाली की फटही वाढते, हे विसरू नये.

वाटीच्या आतला फेरफार शेवटी. बऱ्याच हेडफोनमध्ये कुशन काढल्यावर स्क्रू दिसतात. ते सोडवले की ड्रायव्हर बसवलेली चकती उचलता येते, पण बारीक तारा जोडलेल्या असतात, म्हणून जपून. इथे एक धोका कुणी सांगत नाही. ड्रायव्हरचं चुंबक टेबलावरचा लोखंडी कीस, टाचणीचं टोक, झिजलेल्या पेचकसाची भुकटी खेचून घेतं, आणि तो कण पडद्यावर बसला की त्या बाजूला कायमची खरखर सुरू होते. टेबल पुसून वर स्वच्छ कापड अंथरल्याशिवाय वाटी उघडू नये.

आत करायचं ते थोडंच. वाटीच्या मागच्या भिंतीला पातळ फेल्टचा तुकडा लावला की परत येणारी लहर काही प्रमाणात जिरते. यालाही मर्यादा आहेत. १००० हर्ट्झच्या सुराची लहर साधारण ३४ सेंटिमीटर लांब, १०००० हर्ट्झची साडेतीन. तीन मिलिमीटरचं फेल्ट वरच्या सुरांना शांत करतं, खालच्या घुमाऱ्याला काही करत नाही. त्यासाठी वाटीची भिंतच जड करावी लागते, म्हणजे गाड्यांच्या दारात आवाज कमी करायला लावतात तसल्या चिकट ब्यूटिल पट्टीचा तुकडा लावावा लागतो. कापूस ठासून भरण्याचा मोह टाळावा. वाटीतली हवेची जागाच बदलते आणि आवाज घुसमटतो. ड्रायव्हरमागची बारीक छिद्रं कधी बुजवू नयेत, ती कंपनीने हिशोबाने ठेवलेली असतात.

हे सगळं आधी एकाच बाजूला करावं. मग फोनच्या सेटिंगमध्ये आवाज मोनो करून तेच भजन लावावं. दोन्ही कान सारखे असताना गळा बरोबर कपाळाच्या मधोमध ऐकू येतो. फेरफारानंतर तो एखाद्या सुरावर डावीकडे किंवा उजवीकडे सरकला, तर कोणत्या पट्टीत काय बदललं ते लगेच कळतं. मापनाचं महाग यंत्र नसलेल्या माणसासाठी याहून प्रामाणिक कसोटी मला माहीत नाही.

फेरफाराच्या या वेडातून मोठे धंदेही उभे राहिले. जपानच्या फोस्टेक्सचा टी५०आरपी हा अर्धवट उघडा हेडफोन, सपाट पडद्याचा. त्याची छिद्रं बुजवून, वाटीत माती आणि फेल्ट लावून लोकांनी त्याला बंद केलं. डॅन क्लार्क यांच्या कंपनीने त्याच ड्रायव्हरला त्रिमितीय छपाईची वाटी देऊन अल्फा डॉग काढला, आणि शिकागोच्या झेडएमएफ कंपनीची सुरुवातही टी५०आरपी सुधारण्यातून झाली. आज दोन्ही कंपन्या स्वतःच्या बांधणीचे हेडफोन विकतात.

पेचकस हातात घ्यायचाच नसेल तर इक्वलायझर आहे. विंडोज संगणकावर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो. टोचणारी पट्टी दोन-तीन डेसिबलने खाली आणली तरी ७५०६ सोबत दिवस निघतो. एखादी पट्टी वर चढवायची झाली तर एकूण पातळी तेवढीच खाली घ्यावी, नाहीतर आवाज फाटतो. पण कुशनच्या फटीतून गळालेला बेस इक्वलायझरने भरून काढू नये. पुढच्या वेळी कुशन नीट बसलं की तोच बेस दुप्पट होऊन कानावर येतो.

बंद हेडफोन नीट बसण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला कानाच्या तब्येतीचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मार्गदर्शनात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा दिली आहे, आणि पातळी तीन डेसिबलने चढली की वेळ निम्मा होतो. कूलरच्या घरघरीवर मात करायला पोरं आवाज वाढवत नेतात. घट्ट बसणारं कुशन बाहेरचं बरंच अडवतं, म्हणून तीच खंजिरी कमी आवाजातही पूर्ण ऐकू येते. वरूडात हेडफोन घेणाऱ्याला मी म्हणूनच सांगतो: वरच्या किमतीच्या मॉडेलमागे जाण्यापेक्षा एक पायरी खालचं घ्या, आणि उरलेल्या पैशात कुशनचा जास्तीचा जोड आणि सुती खोळ आजच मागवा. मे महिन्यात त्यांची गरज पडणारच आहे.