हायड्रोजनची कात्री

न्हाणीघरांतील प्लॅस्टिकची बादली आणि शेतांत पाणी नेणारा काळा नळ हीं दोन्ही एकाच जातीच्या द्रव्याचीं केलेलीं असूं शकतात. परंतु बादलीचें द्रव्य वितळल्यावर पातळ होऊन सांच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरावयास हवें, तर नळाचें घट्ट व चिवट राहावयास हवें. हा भेद बहुधा हायड्रोजन वायूच्या चिमूटभर प्रमाणानें घडवून आणिला जातो.

१९५३ सालीं जर्मनींतील म्यूलहाइम येथील कोळसा-संशोधन-संस्थेंत कार्ल त्सीग्लर यांनीं टायटॅनियम क्लोराईड व ॲल्युमिनियमचें एक सेंद्रिय संयुग यांच्या साहाय्यानें इथिलीनच्या रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या जुळविल्या. आणि त्याही साध्या दाबावर! दुसऱ्याच वर्षीं मिलानच्या ज्यूलिओ नात्ता यांनीं प्रोपिलीनच्या बाबतींत तेंच साधलें. १९६३ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. अडचण एवढीच होती कीं, सांखळ्या फारच लांब होत. द्रव्य तापविलें तरी वाहेना. मग सांच्यांत भरणार कसें? अमेरिकेंतील हर्क्युलिस पावडर कंपनीच्या एडविन व्हॅन्डनबर्ग यांनीं यावर हायड्रोजनची तोड काढली.

ही तोड समजण्यास सांखळी कोठें वाढते तें पाहिलें पाहिजे. केस जसा मुळाशीं वाढतो, तशी ती टायटॅनियमच्या अणूशीं वाढते; प्रत्येक नवा रेणु धातु व सांखळी यांच्यामध्यें शिरतो. तेथें हायड्रोजनचा रेणु आला म्हणजे त्याचा एक अणु सांखळीच्या टोकास बसून ती सुटी होते. दुसरा धातूजवळ राहतो व तेथूनच नव्या सांखळीस आरंभ होतो. उत्प्रेरक मरत नाहीं, केवळ कात्री चालते. या कात्रीस खर्च किती? सांखळीचा सरासरी रेणुभार १,००,००० व हायड्रोजनचा २ धरला, आणि प्रत्येक सांखळी हायड्रोजननेंच तुटते असें मानलें, तर १ किलो हायड्रोजन ५० टन प्लॅस्टिकास पुरतो. अर्थात् पात्रांत याहून अधिक वायु ठेवावा लागतो.

प्रोपिलीनच्या बाबतींत आणखी एक नवल दिसतें. हायड्रोजन घातल्यानें सांखळ्या आंखूड होतातच, पण क्रियेचा वेगही वाढतो. प्रोपिलीनचा रेणु दोन्ही बाजूंनीं सारखा नसल्यामुळें क्वचित् तो उलटा बसतो. मग धातूजवळ इतकी दाटी होते कीं, पुढचा रेणु सहसा आंत येऊं शकत नाहीं व ती जागा निजल्यासारखी होते. हायड्रोजन अंगानें लहान; तो आंत शिरून सांखळी सोडवितो आणि जागा पुन्हां कामास लागते. इथिलीनचीं दोन्ही टोकें सारखीं असल्यानें त्यास उलटें बसणें ठाऊक नाहीं. तेथें हायड्रोजननें वेग बहुधा मंदावतो; त्याच्या कारणाविषयीं रसायनज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

सर्वच उत्प्रेरक या वायूस सारखे वश होत नाहींत. क्रोमियमच्या ऑक्साईडावर हायड्रोजनचा प्रभाव थोडाच पडतो. तेथें सांखळीची लांबी मुख्यतः उष्णमानानें राखतात.

कारखान्यांत याची परीक्षा साधी असते. पॉलिएथिलीन १९० अंश सेंटिग्रेडवर वितळवून त्यावर २.१६ किलो वजन ठेवितात आणि बारीक छिद्रांतून १० मिनिटांत किती ग्रॅम बाहेर पडलें तें तोलतात. भार कमी भरला, तर हायड्रोजनची तोटी किंचित् उघडतात. अधिक भरला, तर आवळतात.