बुडालेल्या आरमाराचा भंगारवाला

21 जून 1919. पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडच्या स्कॅपा फ्लो बंदरात अडकवून ठेवलेल्या 74 जर्मन युद्धनौकांच्या तळाच्या झडपा त्यांच्याच खलाशांनी उघडल्या. 52 जहाजं बुडाली.

पाच वर्षांनी अर्नेस्ट कॉक्स हा भंगार व्यापारी ती वर काढायला सरसावला. लहान विनाशिका त्याने पोलादी दोरांनी उचलल्या. पण सुमारे 23,000 टनांची, उलटी होऊन बुडालेली ‘मोल्टके’ ही युद्धनौका दोरांना दाद देणारी नव्हती. मग पाणबुड्या कामगारांनी तिची भोकं बुजवली, वरून दाबाखालची हवा आत सोडली. हवेने पाणी बाहेर रेटलं आणि 1927 मध्ये ‘मोल्टके’ उलटीच वर आली. त्यासाठी जुन्या बॉयलरांच्या नळकांड्यांतून कामगार आत उतरत. त्या कोंदट हवेत भिंती सांधत.

‘हिंडेनबुर्ग’ या युद्धनौकेवर अडचण वेगळीच निघाली. भोकांवरच्या ठिगळांच्या सांध्यांत भरलेली चरबी मासे खाऊन टाकत! चरबीत सिमेंट मिसळल्यावर मासे हटले आणि 1930 मध्ये तीही तरंगली.

ही धुडं ओढून नेली जात रोसाइथच्या गोदीत. पहिल्या महायुद्धात सुरू झालेली ब्रिटिश आरमाराची ही गोदी 1925 नंतर जवळपास ओस पडली होती. युद्धनौकांच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या तिथल्या सुक्या गोद्यांत आता जर्मन युद्धनौका तोडल्या जात होत्या.