फितीवरून फितीवर : अभिलेखांचे स्वयंचलित स्थलांतर

जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी कागदपत्रे जमविण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांवर येऊन गेलेला आहे. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला आणि १९९० च्या दुरुस्तीने त्यात बौद्धांचा समावेश झाला. म्हणून ठाण्यात किंवा कल्याणात जन्मलेल्या, डोंबिवलीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही १९५० पूर्वीचा पुरावा शोधण्यासाठी आजोबा-पणजोबांच्या गावी जावे लागते. तेथे शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा कोतवाल बुकात शाईने लिहिलेली एक ओळ सापडते. त्या एका ओळीवर प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरी अवलंबून असते. ती ओळ सापडते याचे कारण एवढेच की, मधल्या काळात कोणीतरी ती वही वाळवीपासून राखली, तिची फाटकी पाने चिकटविली, किंवा ती जीर्ण होण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवली.

आज अशा ओळी कागदावर लिहिल्या जात नाहीत. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने नागरी सेवांचे संगणकीकरण राज्यात लवकर केले. जन्म-मृत्यूच्या नोंदी, कराची खाती, बँकांचे व्यवहार, शाळांचे दाखले हे सारे आता संगणकात असते. आजच्या बालकाची नोंद साठ वर्षांनी त्याच्या नातवाला हवी असेल, तेव्हा ती वाचता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर ज्या एका व्यवस्थेवर पुष्कळ अंशी अवलंबून आहे, तिचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे. ती व्यवस्था म्हणजे जतन केलेली माहिती एका चुंबकीय फितीवरून दुसऱ्या फितीवर आपोआप हलविण्याची योजना होय.

वाहक बदलतो, पाठ राहतो

ही कल्पना बौद्ध साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटण्याचे कारण नाही. बुद्धवचन आरंभी भाणकांच्या मुखी होते. दीघभाणक, मज्झिमभाणक असे त्यांचे गट होते; सामूहिक पठणात एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येई. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळी ते ताडपत्रांवर उतरले. एकोणिसाव्या शतकात मंडाले येथे ७२९ संगमरवरी शिलांवर तिपिटक कोरले गेले. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या सहाव्या संगीतीत पाठ पुन्हा तपासून छापला गेला, आणि त्याच पाठाची सीडी इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. कल्याणहून कसारा घाट चढून गेले की लागणाऱ्या गावी हे काम झाले, ही आपल्या परिसराला जवळची गोष्ट आहे. आज नव्या संगणकात सीडी घालण्याची सोय बहुधा नसते. तरीही तो पाठ गेला नाही, कारण तो वेळीच संकेतस्थळावर उतरविला गेला.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात येतात. कोणताही वाहक कायमचा नसतो, ही पहिली. प्रत्येक स्थलांतराबरोबर तपासणी असावीच लागते, ही दुसरी. संगणकाच्या फितीलाही हेच दोन नियम लागू आहेत.

फीत अद्याप का वापरतात?

फीत म्हटले की गाण्यांची कॅसेट आठवते आणि ती तर इतिहासजमा झाली, असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. मोठ्या प्रमाणावरील माहिती दीर्घकाळ ठेवण्यासाठी फीत आजही वापरात आहे. ती स्वस्त पडते, कपाटात ठेवली असता वीज खात नाही, आणि यंत्रातून काढलेल्या फितीपर्यंत संगणकातील बिघाड पोहोचू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सदोष बदलामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती फितींवरूनच परत मिळविली होती.

प्रचलित फितीला एलटीओ म्हणतात. अर्धा इंच रुंदीची ही फीत तळहातावर मावेल एवढ्या कार्ट्रिजमध्ये असते. तिच्या पिढ्या आहेत : २००० मधील पहिल्या पिढीत १०० गिगाबाइट माहिती मावत असे, २०१२ च्या सहाव्या पिढीत २.५ टेराबाइट, तर २०१७ च्या आठव्या पिढीत १२ टेराबाइट मावू लागली. योग्य परिस्थितीत फीत तीस वर्षे टिकते असे उत्पादक सांगतात. परंतु खरी अडचण फितीच्या आयुष्याची नसून ती वाचणाऱ्या यंत्राची आहे. सातव्या पिढीपर्यंतचे यंत्र मागच्या दोन पिढ्या वाचू शके. आठव्या पिढीचे यंत्र केवळ सातवी पिढी वाचते, आणि २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या पिढीचे यंत्र मागची एकही पिढी वाचत नाही. म्हणजे कपाटातील फीत धडधाकट असूनही मुकी होऊ शकते.

समजा, एखाद्या संस्थेकडे सहाव्या पिढीच्या ४० भरलेल्या कार्ट्रिज आहेत. एकूण माहिती १०० टेराबाइट. आठव्या पिढीच्या ९ कार्ट्रिजमध्ये ती मावेल. सहाव्या पिढीचे यंत्र सेकंदाला १६० मेगाबाइट वाचते, म्हणून एका कार्ट्रिजला सुमारे ४ तास २० मिनिटे आणि सर्वांना मिळून सुमारे १७४ तास लागतील. अखंड चालविले तर हे काम सव्वासात दिवसांचे आहे. माणसाने बसून करण्याचे हे काम नव्हे. म्हणून ते यंत्रावर सोपवावे लागते. आठव्या पिढीचे यंत्र सहावी पिढी वाचत नाही, तेव्हा जुने यंत्रही चालू स्थितीत असले पाहिजे. जुने यंत्र भंगारात काढून मग स्थलांतराचा विचार करणे हा उलटा क्रम ठरतो.

योजना कशी आखावी?

उदाहरणादाखल बॅकुला ही मुक्त संगणकप्रणाली घेऊ. इतर प्रणालींत शब्द निराळे असतील, पण विचार हाच असतो.

बॅकुलामध्ये फितींचे गट करतात. गटाला पूल आणि गटातील प्रत्येक फितीला व्हॉल्यूम असे म्हणतात. जुन्या फितींचा एक पूल व नव्या फितींचा दुसरा पूल करून, पहिल्याच्या व्याख्येत ‘नेक्स्ट पूल’ या शब्दापुढे दुसऱ्याचे नाव लिहावयाचे. माहिती कोठून निघून कोठे जाणार, हे एवढ्याने ठरते.

त्यानंतर मायग्रेशन या प्रकारचे एक काम लिहावे लागते. त्यात ‘सिलेक्शन टाइप’ या शब्दाने काय हलवावयाचे ते सांगतात. ठरावीक काळ लोटलेली माहिती निवडता येते, सर्वांत जुनी किंवा सर्वांत कमी भरलेली फीत निवडता येते, अथवा फितीचे नाव देता येते. पूल किती भरला यावरही निवड होते. त्यासाठी वरची व खालची अशा दोन मर्यादा द्याव्या लागतात. वरची मर्यादा ओलांडली गेली असेल, तर खालच्या मर्यादेपर्यंत येईतो सर्वांत जुन्या कामांपासून माहिती हलविली जाते. लहान संस्थेने जुन्या फिती नव्या पिढीत नेताना नाव देऊन रोज रात्री एकच फीत हलवावी. वरील उदाहरणातील काम चाळीस रात्रींत होईल, आणि प्रत्येक सकाळी आदल्या रात्रीचा अहवाल वाचून पाहता येईल.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मर्यादा लिहून ठेवली म्हणजे ती ओलांडताच स्थलांतर आपोआप सुरू होईल, असे पुष्कळांना वाटते. बॅकुलामध्ये तसे होत नाही. मर्यादा हा केवळ निवडीचा नियम आहे. काम सुरू होण्यासाठी त्याला वेळापत्रक जोडावे लागते. वेळापत्रक नसलेली मर्यादा म्हणजे ठरावाच्या वहीतला असा ठराव, की ज्याची अंमलबजावणी कोणाकडेच सोपविलेली नाही. तसेच, वाचणारे व लिहिणारे अशी दोन यंत्रे एकाच वेळी उपलब्ध असावी लागतात. एकाच यंत्रावर हे काम होत नाही.

नोंदीत नसलेले हलत नाही

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. फितीवर काय आहे हे बॅकुला फीत उघडून पाहत नाही. तिच्याजवळ कॅटलॉग नावाची सूची असते आणि निवड त्या सूचीवरून होते. ही सूची फुगू नये म्हणून जुन्या नोंदी वगळण्याची व्यवस्था आहे. वेगळे काही लिहिले नाही, तर फाइलींची नोंद ६० दिवस, कामाची नोंद १८० दिवस आणि फितीची मुदत एक वर्ष धरली जाते. रोजच्या सुरक्षा-प्रतींसाठी हे ठीक आहे. अभिलेखांसाठी ते घातक आहे. एखाद्या कामाची नोंद सूचीतून गळाली, तर माहिती फितीवर सुखरूप असूनही मायग्रेशनला ती दिसत नाही. यंत्र दिसले तेवढे हलविते आणि काम यशस्वी झाल्याचे कळविते. तो अहवाल खोटा नसतो, पण पुरा नसतो. पुढे रिकामी समजून ती जुनी फीत पुन्हा वापरात आली, की नोंद नसलेली माहिती कायमची पुसली जाते.

म्हणून अभिलेखांच्या बाबतीत या मुदती प्रथम दिवसां-महिन्यांऐवजी दशकांत लिहाव्यात. नोंदी आपोआप वगळण्याची व फिती पुन्हा वापरण्याची परवानगी त्या पूलपुरती बंद ठेवावी. कॅटलॉगची प्रत रोज वेगळी काढावी. सूची आधीच गळाली असेल, तर फीत वाचून ती पुन्हा बांधणारे बीस्कॅन हे साधन आहे. ते वेळ घेते, परंतु स्थलांतरापूर्वीच वापरले पाहिजे. याशिवाय कोणत्या फितीवर काय आहे, याची एक साधी हस्तलिखित वही ठेवावी. वही व कॅटलॉग जुळत नसतील, तर स्थलांतर थांबवावे.

क्रमही ठरलेला असावा : आधी नक्कल, मग पडताळणी, आणि शेवटी जुन्या फितीची मुक्तता. कामाच्या अहवालात किती फाइली व किती बाइट लिहिले गेले हे येते. ते आकडे मूळ कामाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. व्हेरिफाय या निराळ्या कामाने नवी फीत पुन्हा वाचून घ्यावी, आणि मधल्याच एखाद्या फाइलीची प्रत काढून ती प्रत्यक्ष उघडून पाहावी. जुनी फीत निदान वर्षभर तशीच राखावी. अपोलो-११ च्या चांद्रयात्रेच्या मूळ दूरमापन फिती पुढील दशकांत पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाला २००९ मध्ये जाहीर करावा लागला. फितींच्या टंचाईच्या काळात ते नित्याचे काम होते. कोणाचा हेतू वाईट नव्हता. जुनी फीत मोकळी करण्याचा निर्णय म्हणूनच यंत्राकडे न देता दोन जबाबदार व्यक्तींच्या सहीने घ्यावा.

आपल्या परिसराची अडचण

फीत दीर्घकाळ राखण्यासाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता योग्य समजतात. ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात बंद कपाटात ही आर्द्रता राखणे वातानुकूलनाशिवाय शक्य नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे येथे उभ्या असलेल्या मोठ्या डेटा सेंटरांना ते परवडते. विहाराच्या किंवा वाचनालयाच्या खोलीला परवडत नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर ते कल्याण परिसरात घरे पाण्याखाली गेली. २०१९ च्या जुलैतही पूर आला. तेव्हा तळमजल्यावर अभिलेख ठेवू नयेत, आणि दुसरी प्रत नदीच्या एकाच खोऱ्यात न ठेवता दूरच्या गावी ठेवावी.

अनेक विहारांत व घरांत धम्मप्रवचनांच्या, परिषदांतील भाषणांच्या व भीमगीतांच्या ध्वनिफिती पडून आहेत. त्यांना बॅकुलाची गरज नाही. त्या संगणकात उतरवून दोन हार्ड डिस्कवर ठेवल्या तरी आरंभ होतो. परंतु नियम तेच राहतात : आधी यादी करावी, मग नक्कल, मग ऐकून पडताळणी, आणि दर चार-पाच वर्षांनी नव्या वाहकावर स्थलांतर. हे काम कोणाचे, त्याचे नाव संस्थेच्या वहीत लिहिलेले असावे.

जी वस्ती कोतवालाच्या वहीत नोंदली गेली नाही, तिच्या नातवंडांना आज पुरावा मिळत नाही. यंत्राची वहीही त्याच रीतीने चालते. नोंदलेले तेवढे ते निष्ठेने पुढे नेते आणि न नोंदलेले मागे टाकते. फिती हलविण्याचे काम यंत्र करील. वहीत काय आले आणि काय राहिले, हे मात्र आपणच बसून पाहिले पाहिजे.