फरशीची नक्षी आणि ‘अचूक’ या शब्दाचा अर्थ

आज विषय साधा आहे. चित्रकलेच्या तासाला फरशीची नक्षी काढायला देतात आणि सांगतात, ‘अचूक काढा.’ एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्यांना संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती आठवत असेल. ही नक्षी दोन्हींच्या सीमेवरची. पण अचूक म्हणजे नेमकं काय? आज तेवढंच पाहू.

सगळ्यांच्या ओळखीची नक्षी घेऊ या : मोठे अष्टकोन आणि त्यांच्यामध्ये छोटे चौकोन. गंमत अशी, की कोणत्याही एका फरशीवर तो छोटा चौकोन नसतो. तिच्या कोपऱ्यांत फक्त त्रिकोण असतात. चार फरश्या शेजारी आल्या, की चार त्रिकोणांचा एक चौकोन होतो.

शाळेत आम्ही ही नक्षी पट्टीने काढली होती. १२ सेंटिमीटरचा चौरस, प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरवर खूण. आठ खुणा जोडल्या, अष्टकोन तयार. दिसायला छान! सरांनी ट्रेसिंग पेपरवर त्याच्या चार नकला करून शेजारी मांडायला सांगितल्या. मधला चौकोन वाकडा निघाला. कुठे एक मिलिमीटर, कुठे दोन. आम्ही काय केलं? रेषा जाड करून चूक झाकली. सर हसले आणि म्हणाले, ‘आता कर्कटकाने काढ.’

रीत अशी. आधी चौरस तपासायचा : चारही बाजू सारख्या हव्यात, दोन्ही कर्णही सारखे हवेत. मग कर्ण काढायचे. ते मध्यभागी छेदतात. कर्कटकाचं टोक एका कोपऱ्यावर ठेवून पेन्सिल त्या मध्यबिंदूपर्यंत उघडायची आणि लगतच्या दोन्ही बाजूंवर कंस मारायचे. तेच अंतर कायम ठेवून उरलेल्या तीन कोपऱ्यांवरून तसंच करायचं. आठ बिंदू मिळतात. जोडले की अष्टकोन.

आता विचार करा, फरक कुठे पडला? पट्टीने आपण आठ वेळा मोजतो, म्हणजे आठ वेगवेगळ्या चुकांना जागा देतो. कर्कटकात अंतर एकदाच घेतो. समजा, ते केसभर चुकलं. तरी ती चूक चारही कोपऱ्यांना सारखीच लागू होते. अष्टकोनाच्या बाजू किंचित कमी-जास्त होतील, पण फरशी शेजारणीशी जुळेल.

इथे प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद आठवतो. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा आधी चार फूट म्हणतो, मग तीन. दोन्ही चूक. आकड्यात सांगता येत नसेल, तर रेषा दाखव, असं सॉक्रेटिस सुचवतो. पुढच्या प्रश्नांतून मुलगा कर्णापाशी पोहोचतो. त्या कर्णाची लांबी दोनाच्या वर्गमुळात येते, आणि ते दशांशात कधी संपत नाही. पट्टीवर त्याची नेमकी खूण नाही. कर्कटक मात्र आकडा विचारतच नाही, लांबीच उचलतो.

म्हणजे अचूकपणा हा केवळ बारीक मोजण्याचा गुण नव्हे. एकच नियम चारही कोपऱ्यांना सारखा लावणं, हे त्याचं मर्म. आपण माणसं नेमकं इथेच घसरतो. स्वतःच्या कोपऱ्याला एक माप, दुसऱ्याच्या कोपऱ्याला दुसरं. आणि मग रेषा जाड करायची. एकट्या फरशीत हे दिसत नाही. शेजारी दुसरी ठेवली की दिसतं.

तेव्हा घरी मुलं नक्षी काढत असतील, तर ‘छान’ म्हणण्याआधी चार नकला शेजारी मांडून बघायला सांगा. बघायचा तो मधला, कुणीच न काढलेला चौकोन. आज इथेच थांबू या.